आठ भागांचं आभाळ

कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्या दुपारी म्हाताऱ्यानं खळीच्या वाटीत बोट बुडवलं आणि चक्क खरं बोलायला सुरुवात केली.

"ते प्रकरण होतं त्या पुस्तकात," तो म्हणाला. "मीच घातलं होतं."

खिडकीशी बसलेल्या लेकीनं मान वळवली नाही. तिच्या मांडीवर वाचनालयातून आणलेलं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडं होतं, आणि रस्त्यात कोणी हाक मारल्यावर ओळख लागते का म्हणून आपण ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं ती पानांकडे बघत होती.

"हो का," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं जन्मभर पुस्तकं बांधली होती आणि त्याहून जास्त थापा. बाइंडिंगच्या कारखान्यात त्याचं खरं नाव हजेरीपुरतं. एरवी सगळे त्याला थापाडेच म्हणत. एकदा म्हणे, सरसाच्या भांड्यात शेपूट बुडालेलं मांजर एका शब्दकोशाला चिकटलं. ते सुटेपर्यंत त्याचा निम्मा शब्दकोश वाचून झाला होता, आणि पुढं ते उंदरांशी अतिशय शुद्ध बोलत असे. एकदा म्हणे, त्यानं इतकं जाड पुस्तक बांधलं की शेवटचं पान येईपर्यंत वाचणाऱ्याचा चष्म्याचा नंबर बदलायचा. ऐकणारे हसत, पुन्हा सांगायला लावत. विश्वास कोणी ठेवत नसे, आणि तशी त्याची अपेक्षाही नसे. ऐकणाऱ्यानं विश्वास ठेवला तर थापेतली गंमतच गेली, असं त्याचं मत होतं.

आज मात्र त्याला विश्वास हवा होता. आणि तो कसा मागतात, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"बेबी, ऐक तरी."

बेबी पन्नाशी ओलांडलेली. चौकातलं औषधांचं दुकान तिचं. बाहेर तिला सगळे बाई म्हणत. घरात मात्र ती बेबीच राहिली होती.

"ऐकतेय ना, बाबा."

"ऐकत नाहीयेस. नुसती गप्प बसलीयेस."

त्यानं समोरच्या फाटक्या पानाला खळ लावली, वर पातळ कागदाची पट्टी बसवली आणि अंगठ्यानं सावकाश दाबत नेली. वाचनालयवाले फाटकीतुटकी पुस्तकं त्याच्याकडे पाठवत. हात थरथरायला लागले होते, पण पुस्तकाला टेकले की थांबत. खोलीत पडद्याच्या कापडातून गाळून आलेलं ऊन होतं, पाण्यात थोडं दूध पडावं तसं. अशा उजेडात कुठलीही गोष्ट घडली असेल असं वाटतं, आणि कुठलीही घडली नसेल असंही.

भानगड सुरू झाली ती वाचनालयाच्या वाचक मंडळात. या वेळी लहानपणीचं एखादं पुस्तक घेऊ, मोठेपणी ते कसं दिसतं ते बोलू, असं ठरलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकच नाव निघालं: 'पोहरा निघाला'. ते न वाचता मोठं झालेलं माणूस त्या गावात शोधून सापडलं नसतं. विहिरीतला एक पत्र्याचा पोहरा. त्याला खालून आभाळाचा फक्त एक गोल तुकडा दिसतो, ताटाएवढा. उरलेलं आभाळ कुठं ठेवलंय ते बघायला तो एक दिवस दोर सोडून निघतो. वाटेत त्याला नाना तऱ्हेचे लोक भेटतात. शेवटी तो उघड्या माळावर पोचतो आणि अख्खं आभाळ बघून रडायलाच लागतो, कारण त्याला काठ नसतो. तेव्हा नदीवरची एक म्हातारी त्याला उचलते, पाण्यानं भरते, आणि पोहरा स्वतःच्या आत बघतो तर तिथं पुन्हा एक गोल आभाळ. पुस्तक तिथं संपतं.

मंडळात त्या दिवशी चांगली रंगत आली होती. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मला यात शिस्त दिसते. काठ हवाच माणसाला." निवृत्त पोस्टमन म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण निघताना पत्ता ठेवून जायला काय झालं होतं त्याला? विहिरीनं शोधायचं कुठं?" एक तान्ह्या बाळाची आई म्हणाली की लहानपणी ती शेवटाला टाळ्या वाजवायची आणि या वेळी रडली, का ते तिलाच कळलं नाही. मग भंगारवाल्याचा विषय निघाला. पोहऱ्याला पकडून त्याच्या बुडाला भोकं पाडायला निघालेला, फुलझाड लावीन म्हणणारा भंगारवाला. सगळे एकदम बोलायला लागले. कोणी त्या चित्राचं पान पिनांनी बंद करून टाकलं होतं, कोणी भंगारवाल्याच्या भीतीनं घरातली बादली पलंगाखाली लपवली होती.

बेबी हसत ऐकत होती. हा भंगारवाला कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. हे लोक दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाबद्दल बोलत असावेत, असं तिला वाटलं.

मग तिची पाळी आली. तिची स्वतःची प्रत घर बदलताना कधीच गहाळ झाली होती. पण तिला पुस्तक समोर लागतच नव्हतं.

"लहानपणी मला शेवट फार आवडायचा," ती म्हणाली. "आता वाटतं, लेखक घाबरला. बिचाऱ्याला एवढं लांब नेलं आणि शेवटी हातात काय दिलं, तर तेच ताट. पण मधलं प्रकरण मात्र त्याला साधलंय. निरीक्षकाचं. त्या प्रकरणासाठी मी त्याला सगळं माफ करते."

कोणीतरी पान उलटलं. कोणीतरी आणखी एक.

"निरीक्षक कोण?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. मुलाला फळ्याजवळ बोलावताना वापरत असतील तोच मऊ आवाज होता.

"निरीक्षक नाही का! पोहरा रस्त्यात आडवा पडतो आणि म्हणतो, एवढं मोठं आभाळ बघायचं तरी कसं? तेव्हा तो भेटतो. तो म्हणतो, उघड्या जागी उभं राहावं. आभाळाचे आठ सारखे भाग कल्पावेत. ढगांनी किती भाग व्यापलेत ते बघावं. काहीच नसेल तर शून्य म्हणावं. आणि सगळं भरून आलं असलं, पण कुठं एवढीशी फट दिसत असेल, तर आठ म्हणू नये. सात म्हणावं."

ती हे बोलत होती तेव्हा तिचा हात वर गेला होता, खोलीच्या छताचे भाग पाडत. तो तसाच राहिला. सगळे तिच्याकडे प्रेमानं बघत होते. ते प्रेमच तिला बघवेना.

वाचनालयाची प्रत ती घरी घेऊन आली. आधी चाळली, मग वाचली, मग एकेक पान वेगळं करून बघितलं. निरीक्षक नव्हता. भंगारवाला मात्र होता. ऐसपैस, मिशीवाला, हातात छिन्नी घेतलेला. पुस्तकाच्या बरोब्बर मध्ये. त्याला तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ती काय विचार करतेय ते घरात सगळ्यांना कळत होतं, पण कोणी बोलत नव्हतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आईला शेवटच्या वर्षांत माणसं आठवेनाशी झाली, ते नंतर. सुरुवात झाली ती न घडलेल्या गोष्टी आठवण्यापासून. एका सकाळी तिनं बोटीच्या प्रवासाची आठवण काढली. किती लाटा, काय ते वारं, डेकवर टेबल मांडलेलं. आई कधी बोटीत बसली नव्हती. आणि म्हातारा? म्हातारा लगेच म्हणाला होता, "न आठवायला काय झालं! कप्तानाची टोपी उडाली, ती तूच तर पकडलीस!" आई खुदकन हसली. तेव्हापासून दोघं रोज बोटीत बसत. बेबीनं एकदा त्याला बाजूला घेऊन झापलं होतं, "बाबा, आपण कधी बोटीत बसलो?" तर म्हणाला, "बसलो नाही म्हणून काय झालं? तिला एकटीला पाठवू?"

उद्या सकाळी बेबी दुकानाच्या किल्ल्या सहायकाच्या हवाली करणार होती. जी बाई नसलेलं पान वाचते आणि असलेलं तिला दिसत नाही, तिनं लोकांच्या गोळ्या मोजू नयेत, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती.

"फर्मा कमी होता," म्हातारा पुन्हा म्हणाला. "तुला फर्मा ठाऊक आहे. मोठ्या कागदाला घड्या घालून पानांचा गठ्ठा होतो तो. असे गठ्ठे एकावर एक शिवले की झालं पुस्तक. त्या प्रतीत मधला एक गठ्ठा नव्हताच. जुळवणाऱ्या बायकांकडून राहून गेला असेल. प्रत रद्दीत निघाली होती, ती मी मागून घेतली. तुला कांजिण्या झाल्या होत्या."

"हं."

"पण पाठ पोकळ राहिली की पुस्तक बसतं, बेबी. कमरेतून जातं. ते मला बघवेना. शेजारच्या टेबलावर दुसरं काम चाललं होतं, हवामान खात्याचं काहीतरी. ढग बघणाऱ्या लोकांसाठी सूचना. त्यातला एक गठ्ठा उचलला आणि शिवून टाकला मध्ये."

"न वाचता?"

"बाइंडर वाचायला लागला तर बांधणार कोण? मी जाडी बघितली. जाडी जुळली."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिथं माया होती, आणि ती वाचक मंडळातल्यासारखीच होती.

"आईलाही तुम्ही असंच सांगायचात," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचं बोट पट्टीवर थांबलं. ओल्या कागदाला सुरकुती पडली, ती त्यानं काढली नाही.

बाहेर कुठंतरी गालिचा झटकल्याचा आवाज येत होता, धप्प, धप्प, आणि प्रत्येक आवाजानंतर थोडी धूळ या खोलीतल्या उन्हात येऊन तरंगत असावी, असं वाटत होतं. बेबीनं डोळे मिटले. मिटल्यावर नेहमी दिसायचं तेच दिसलं: रस्त्यात उताणा पडलेला पोहरा, शेजारी हात मागं बांधून उभा असलेला निरीक्षक. त्याला पुस्तकात चित्र नव्हतं, म्हणून तिनंच त्याला चेहरा दिला होता, लांब मानेचा, थोडा सर्दी झाल्यासारखा. तो कधी हसत नसे. पोहरा रडला तरी तो समजूत घालत नसे. फक्त म्हणे, नोंद झाल्यावर उपकरणं कोरड्या कापडानं पुसून ठेवावीत. आणि लगेच पुढच्या पानावर वाटेत भेटलेली एक बाई पोहऱ्याला पदरानं पुसायची. किती बेमालूम होतं ते सगळं. इतकं बेमालूम, की आता तेच तिला संशयाचं वाटत होतं. खऱ्या पुस्तकात कुठंतरी खटकतंच.

दार पायानं ढकलून तिचा नवरा चहा घेऊन आला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. बोलणं कमी, आणि शेजारी कोणी चुकायला लागलं की उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. कप ठेवताना त्यानं सवयीनं विचारलं,

"आज किती?"

हा त्या घरातला प्रश्न होता. लग्न झालं तेव्हा तिनंच त्याला शिकवला होता, त्या पुस्तकातला म्हणून. मूल राहिलं नाही तेव्हा ती सात म्हणाली होती. आई गेली त्या संध्याकाळीही सात. त्यानं स्वतः एकदा, धंदा बुडायला आला तेव्हा, आठ म्हटलं होतं, तर तिनं त्याला गच्चीवर नेलं होतं आणि म्हणाली होती, नीट बघा, मग बोला.

"माहीत नाही," बेबी म्हणाली. "मोजणारं माणूस पुस्तकातच नाहीये."

नवऱ्याचा पाय जमिनीवर दाबला गेला. तो सासऱ्याकडे बघत राहिला.

म्हाताऱ्यानं चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मांडी बदलली. मांडी बदलली की थाप येणार, हे कारखान्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"आता लपवण्यात अर्थ नाही," तो म्हणाला. "लेखक स्वतः आला होता."

"कुठं?" जावई म्हणाला.

"कारखान्यात. लांब कोट, कोटाच्या खिशात ढग. म्हणजे कापूस असेल, पण मला ढगच वाटला. म्हणाला, थापाडे, हे एक प्रकरण मी एकाच प्रतीत घालणार आहे. जी मुलगी आजारी असेल तिलाच द्या. मी म्हटलं, साहेब, आमच्या घरीच आहे एक, पुरळ मोजत पडलीय."

"बाबा, पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात की हवामान खात्याचं—"

"ते आत्ताचं झालं, जावईबापू. मी तेव्हाचं सांगतोय."

बेबी चहाच्या वाफेकडे बघत होती. "हं," ती म्हणाली.

नेहमी थाप मारताना म्हातारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. तोंड कुठं उघडतंय, भुवई कुठं चढतेय, त्यावर त्याचं पुढचं वाक्य ठरायचं. आज तो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"पुठ्ठा कसला घातला होता माहितीये? हिरवा. तोफेचा गोळा लागला तरी वाकणार नाही असा."

"निळा असतो," बेबी म्हणाली आणि मांडीवरच्या पुस्तकाकडे हात केला. "सगळ्यांचा निळाच असतो."

"बरं, निळा. पण आत, पहिल्या पानावर, सोनेरी अक्षरांत तुझं नाव मीच छापलं होतं. बेबी. खाली एक पोहरा."

ती विचारात पडली. तिच्या कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली.

"नव्हतं बहुतेक," ती म्हणाली.

"होतं."

"असेल." तिचा आवाज खाली आला. "मला आठवत नाही, बाबा. नका ना विचारू. असेलही. तुम्ही म्हणता तर असेल."

म्हाताऱ्यानं पटकन खळीच्या वाटीत बोट घातलं, जणू तिथं काही पडलं होतं. ते काढून फडक्याला पुसलं. मग दुसऱ्यांदा पुसलं. जावई म्हणाला, "बाबा, राहू द्या आता. दमलीय ती." म्हाताऱ्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

"राहू दे नावाचं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना, सरसाचा वास असलेला डौल आला. "नाव काय, कोणीही छापेल. पण मी जे बांधकाम केलं होतं ना बेबी, ते बघायला दुसऱ्या कारखान्यांतले लोक यायचे. रांग लावून. ते दोन पुस्तकांचं एक केलेलं पुस्तक मी त्यांच्यासमोर मिटायचो आणि म्हणायचो, डोळे बांधा आणि सांगा, कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं लागतं. कोणाला सांगता आलं नाही. एकाला तर रडू फुटलं."

"बाबा," जावई हळूच म्हणाला.

"अहो, काय सांगू तुम्हाला! पानांच्या कडा कापायच्या कातरणीतून काढलं तेव्हा कड अशी होती, की आरसा. त्यात बघून मी दाढी केली होती. कडेवरून मुंगी सोडली, ती या टोकाची त्या टोकाला गेली, तिला पत्ता नाही की मध्ये पुस्तक बदललं. सगळी पानं एका मापाची. वरून बघा, खालून बघा, समोरून बोट फिरवा. गुळगुळीत! लोण्यासारखी!"

बेबीनं मांडीवरचं पुस्तक मिटलं होतं. कधी मिटलं ते तिलाही कळलं नसेल. तिचा अंगठा पानांच्या कडेवर होता आणि वरून खाली नाही, तर आडवा, पहिल्या पुठ्ठ्याकडून दुसऱ्या पुठ्ठ्याकडे सरकत होता. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. मागं आला. पुन्हा अर्ध्यावर गेला, आणि तिथं थोडा दाबला गेला, अंधारात पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा.

गालिचा झटकणारं माणूस बाहेर थांबलं होतं. उन्हात काही हलत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"गुळगुळीत नव्हती."

"कोण म्हणतं? मी स्वतः कातरलीय."

"नव्हती, बाबा." ती आता त्याच्याकडे सरळ बघत होती, आवाज चढला होता, दुकानात कोणी चुकीची बाटली काउंटरवर ठेवली की चढायचा तसा. "मधली पानं आखूड होती. पुस्तक मिटलं की मध्ये खाच पडायची, एवढी, बोट बसेल एवढी. कांजिण्यांत माझे डोळे चिकटले होते, तेव्हा मी बोटानंच खाच शोधून ते प्रकरण काढायचे आणि तुमच्या हातात द्यायचे, इथून वाचा म्हणून. आरसा म्हणे! खोटं बोलताय तुम्ही, साफ खोटं! जाडी जुळवलीत, पण रुंदी कुठं जुळली होती?"